घाटावरची दारं
जून-जुलैत मासेमारी बंद झाली की रत्नागिरीतल्या आमच्या गॅरेजात मासळीच्या गाड्यांची रांग लागते. दहा महिने मिरकरवाडा बंदरावरून माल ओढायचा आणि बंदीच्या 61 दिवसांत डागडुजी उरकायची, हा इथला रिवाज. गेल्या पावसाळ्यात त्यातलीच एक जुनी टाटा 207 आली. ड्रायव्हरकडचं दार जाळ्याच्या दोरीने आतून बांधलेलं. मालक, म्हणजे मामा, डावीकडून चढून, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून स्टिअरिंगवर बसायचे.

"खालचा पत्रा तेवढा मारून दे रे. रंग मागच्या वर्षीचाच आहे," मामा म्हणाले.

रंग खरंच झकास होता. मी जुन्या स्पीकरचा चुंबक काढला. हँडलखाली तो टक्कन बसला, वीतभर खाली सरकवला तर सुटून हातात आला. म्हणजे तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुटी. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं.

आतलं पॅड उघडलं तेव्हा सगळा प्रकार दिसला. भोकांमागे वर्तमानपत्र कोंबून त्यावर लांबी थापली होती. कागदाचा लगदा झालेला. त्याखाली बोटभर काळा चिखल, गंजाचे पापुद्रे, आणि खवलेसुद्धा!

दार म्हणजे बंद डबा नव्हे. काचेच्या रबरी पट्टीतून पाणी आत जाणारच. ते निघून जावं म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर जिथे दुमडून दाबतात ती कड सगळ्यात नाजूक. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की लवकर सुकत नाही. आधीच्या कारागिराने नेमकी तळाची भोकंच बुजवली होती. त्यात मासळीच्या गाडीचं पाणी खारट, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. भर मे महिन्यातही गंजाचं काम चालू राहतं.

तुकडा जोडता आला असता, पण वेल्डिंगला धरायला धड पत्रा तर हवा. टाका मारला की शेजारी नवं भोक पडायचं. बाजारात नवी दारं मिळतात, पण मला त्यांचा हलका पत्रा आवडत नाही. मी म्हटलं, "मामा, दारंच बदलू. घाटावरची आणू." कोल्हापूर-सांगलीकडच्या भंगारातली दारं धुळीने माखलेली असतात, पोचे असतात, पण कडा शाबूत. ओळखीच्या ट्रकवाल्याने आणून दिली, एक पांढरं, एक निळं. निळ्यावर 'जोतिबा प्रसन्न' लिहिलेलं. मामांचा आग्रह, हे पुसायचं नाही. शेवटी पांढऱ्या रंगावर पेंटरकडून पुन्हा लिहून घेतलं.

पण त्याआधी खरं दुखणं निघालं. बिजागरीचा खालचा बोल्ट फिरवला तर तो मागच्या नटासकट खांबातून बाहेर आला. ज्यावर दार टांगायचं तो खांबच कुजलेला! असल्या खांबावर नवं दार लावलं असतं तर महिन्याभरात लोंबलं असतं. बॅटरीची वायर काढली, चौकटीचं माप हलू नये म्हणून आडवा पाइप टाचला, कुजका भाग कापला आणि जाड पत्रा घालून नवा तळ बांधला. ठरलेल्या कामापेक्षा हेच काम मोठं झालं, आणि बाहेरून ते कुणाला दिसणारही नाही.

दार बसवताना पुष्कळ जण आधी लॉकच्या हुकाशी खेळतात. मी हुक काढूनच ठेवतो. जॅकवर लाकडी फळी, तिच्यावर दार, मग बिजागरीचे बोल्ट थोडे थोडे आवळत फटी सारख्या करायच्या. दार मोकळं असताना नीट मिटलं की मगच हुक. जुन्या दारांतली लॉकं काढून नव्यात घातली, नाहीतर दाराला एक किल्ली आणि स्टार्टरला दुसरी. मग बीडिंगमध्ये, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरात, कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. सहज निसटली तर तिथून पाणी येणार.

रंगाने मात्र जीव खाल्ला. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. हॅलोजन लावून पत्रा कोमट ठेवला, उघडीप मिळाली तेवढ्यात हात मारून घेतला. आतून बॉडी वॅक्स मारलं. काही जण जळकं ऑइल ओततात, त्याने रबर फुगतं.

गाडी न्यायला आले तेव्हा मी काचेवर पाइपने पाणी सोडलं. दाराच्या तळातून धार लागली.

"अरे, एवढे पैसे घेतलेस आणि दार गळतंय?"

"गळायलाच हवं, मामा. न गळेल त्या दिवशी घेऊन या."

भोकं साफ करायला तारेचा तुकडा दिला, तो त्यांनी किल्लीच्या कडीत अडकवला. पैसे म्हणाल तर अर्धेच दिले होते. बाकीचे नारळी पौर्णिमेनंतर.