मरीच्या वाळवंटातला महाकाय शिकारी

विमान कललं की आधी नुसतं तांबूस पठार दिसतं. मग एक लांबच लांब रेघ दिसते, ती गुडघ्याशी वळते, आणि एकदम अख्खा माणूस उलगडतो. उघडा देह, डाव्या हातात शिकारीची फेकायची काठी. डोक्यापासून पायापर्यंत सुमारे २.७ किलोमीटर, आणि त्याची बाह्यरेषा २८ किलोमीटर!

हा 'मरी मॅन'. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला जवळपास ७०० किलोमीटरवर मरी हे छोटंसं गाव आहे. तिथून पश्चिमेला आणखी ६० किलोमीटरवर, फिनिस स्प्रिंग्जच्या पठारावर तो कोरलेला आहे. गावात जुन्या घान रेल्वेची इंजिनं फलाटाशेजारी गंजत उभी आहेत. उंटांचे तांडे हाकणारे मुसलमान इथे राहत, त्यांच्या मशिदीची आठवण गावाने जपली आहे. ते उंट कराचीच्या बंदरातून यायला लागले, तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होतं. मला तिथे बराच वेळ रेंगाळावंसं वाटलं, पण उड्डाणाची वेळ झाली होती.

२६ जून १९९८ रोजी एका वैमानिकाला ही आकृती पहिल्यांदा दिसली. त्याआधी कुणालाच तिचा पत्ता नव्हता. रेघा २०-३० सेंटिमीटर खोल, काही ठिकाणी ३५ मीटर रुंद. म्हणजे अवजड यंत्र आणि उपग्रहाच्या मदतीने आखणी, दोन्ही लागलं असणार. पाठोपाठ निनावी फॅक्स आले. त्यात अंतरं मैलांत होती आणि काही शब्द ऑस्ट्रेलियन माणूस वापरणार नाही असे होते. म्हणून संशय अमेरिकनांवर गेला. काहींनी ॲलिस स्प्रिंग्जच्या बार्डियस गोल्डबर्ग या चित्रकाराचं नाव घेतलं, पण ते २००२ मध्ये वारले. २०१८ मध्ये उद्योजक डिक स्मिथ यांनी माहिती देणाऱ्याला ५,००० डॉलर जाहीर केले, तरी कोडं सुटलं नाही.

मला स्वतःला 'कुणी केलं' यापेक्षा 'कुणाच्या जमिनीवर केलं' हा प्रश्न मोठा वाटतो. ही अरबाना या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी लोकांची भूमी. २०१२ मध्ये न्यायालयानेही या जमिनीवरचा त्यांचा मूळ हक्क मान्य केला. त्यांच्याच लोकांसारखा दिसणारा शिकारी त्यांना न विचारता त्यांच्या जमिनीवर कोरला गेला, हे मला खटकतं.

मग वाळवंटाने आपलं काम सुरू केलं. या पठारावर दगडगोट्यांचा पातळ थर असतो, तो खरवडला की खालची माती उघडी पडते. वारा त्यात धूळ भरतो, क्वचित येणारा पाऊस कडा ढासळवतो. १५ वर्षांत शिकारी इतका पुसट झाला की विमानातूनही शोधावा लागे. उपग्रहाची छायाचित्रं वर्षांच्या क्रमाने लावून पाहिली तर तो मातीत विरत जाताना दिसतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये मरीच्या हॉटेलवाल्यांनी अरबाना लोकांच्या महामंडळाची परवानगी घेऊन ग्रेडरने, म्हणजे जमीन खरवडणाऱ्या यंत्राने, रेघा पुन्हा ओढल्या. त्यात मुद्दाम बारीक सऱ्या पाडल्या आहेत. वाऱ्यापासून आडोसा मिळावा, पाणी थबकावं, झुडपं रुजावीत आणि पुढे ही रेघ हिरवी व्हावी, अशी कल्पना. खालून जाणारी ती ठळक किनार पाहताना माझ्या मनात आलं, की आपण पाहतोय ती रेघ १९९८ ची नव्हेच. न विचारता ओढलेली पुसली गेली, विचारून ओढलेली उरली. मला ते फार बरं वाटलं.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात जा. मरीहून छोटी विमानं मिळतात आणि त्याच फेरीत काटी थांडा म्हणजे लेक आयरचं खारं पात्रही पाहता येतं. गाडी घेऊन आकृतीपर्यंत जायचा प्रयत्न करू नका, तिथे जमिनीवरून प्रवेश नाही. खिडकीची जागा मात्र आधीच मागून घ्या, आणि उन्हं तिरपी असतानाची फेरी निवडा, रेघांच्या कडा तेव्हा उठून दिसतात.