कोव्हिशिल्ड, गुठळ्या आणि ठाण्याहून आलेले फोन

२०२४ च्या एप्रिलअखेर ‘लस कंपनीची कोर्टात कबुली’ ही बातमी आली, की कोव्हिशिल्डने क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात, आणि इथे मँचेस्टरमध्ये मला ठाण्याहून फोनवर फोन यायला लागले. नौपाड्याची मावशी तर डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळी आहे का याचा अंदाज देणारी तपासणी, करायला निघालीच होती. कोव्हिशिल्डचे डोस घेऊन तिला जवळपास तीन वर्षं झाली होती.

मी म्हटलं, मावशी, यात नवीन काही नाही गं. पुण्यात सीरमने कोव्हिशिल्ड म्हणून बनवली तीच ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस मीही इथे घेतली. अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होतात आणि सोबत प्लेटलेट्स घसरतात, हे इथे एप्रिल २०२१ मध्येच जाहीर झालं होतं. तिशीच्या आतल्यांना दुसऱ्या कंपनीची लस द्या असं तेव्हा ठरलं, पुढच्याच महिन्यात ती मर्यादा चाळीसवर नेली. लशीच्या माहितीपत्रकातही ते छापलं. इथे यलो कार्ड म्हणून सोय आहे, औषधाचा त्रास झाला तर कुणीही स्वतः कळवू शकतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

हा त्रास बहुतेक पहिल्या डोसनंतर, साधारण सहा आठवड्यांच्या आत दिसतो. ब्रिटनमध्ये पहिला डोस घेतलेल्या दर १० लाखांमागे सुमारे १५ जणांना तो झाला. काही जण त्यात दगावले. त्यांच्या घरच्यांनी कोर्टात दाद मागितली ती योग्यच होती, त्यांच्या दुःखाला कुणी अफवा म्हणू नये. पण तीन वर्षांनी डी-डायमर करून काय कळणार? तो नुसत्या वयानेही वाढतो, साध्या संसर्गानेही. आकडा जास्त आला की झोप उडणार ती वेगळीच.

माझ्या मावसभावाची शंका दुसरी होती: जिममध्ये तरुण मुलं कोसळतात, ती लशीमुळेच ना? आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ४७ रुग्णालयांमधून माहिती घेऊन १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढला तो कोविडमुळे अ‍ॅडमिट व्हावं लागलेल्यांत, घरात पूर्वी कुणी असं अचानक गेलेल्यांत, बेसुमार दारू पिणाऱ्यांत आणि खूप जोराचा व्यायाम करणाऱ्यांत. हृदयाच्या स्नायूला सूज येते हेही खोटं नाही, पण ते मुख्यतः फायझर-मॉडर्नासारख्या लशींनंतर, तरुण मुलांत, तेही क्वचित. ठाण्यात बहुतेकांनी घेतली ती कोव्हिशिल्ड, नाहीतर कोव्हॅक्सिन.

भावाला मी एकच विचारलं, काका चाळिशीत झोपेतच गेले, तू हृदयाची तपासणी कधी केलीस?