म्युझियमचा ब्रँड बदलताना लोगो सगळ्यात शेवटी आला: माझा अनुभव

एका आर्ट म्युझियममध्ये ब्रँड आणि कम्युनिकेशनची जबाबदारी घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक फोल्डर मिळालं, त्यात आमचे लोगो होते. ११ लोगो. मुख्य म्युझियमचा एक, मुलांच्या वर्कशॉपचा वेगळा, सभासद योजनेचा वेगळा, लायब्ररीचा, दुकानाचा, व्याख्यानमालेचा, आणि प्रत्येकामागे एक खरं कारण होतं, कधी कोणाला ग्रँट मिळवायला स्वतंत्र ओळख हवी होती, कधी एखाद्या विभागाला वाटलं होतं की मुख्य लोगो फार जड आहे आणि मुलं घाबरतील. मला ते सगळे टेबलावर मांडून बघताना जाणवलं की हा प्रॉब्लेम डिझाइनचा नाहीये. एका घरातली माणसं एकमेकांशी बोलत नसली की असं होतं.

विश्वस्तांची अपेक्षा साधी होती. इमारतीच्या एका भागाची दुरुस्ती चालू होती, तो दीड वर्षाने उघडणार होता, तोपर्यंत नवा लोगो, नवी वेबसाइट, नवं कॅम्पेन. मी पहिले तीन महिने मागून घेतले आणि सांगितलं की डिझाइन एजन्सीला ब्रीफ, म्हणजे कामाची लेखी रूपरेषा, द्यायच्या आधी मला काउंटरवर बसायचंय. ते त्यांना फारसं पटलं नाही पण दिले.

ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांना मी हे पहिलं सांगेन, तिकीट काउंटरवर बसा. रिसर्च रिपोर्ट नंतर वाचा. तिथे लोक तीन प्रश्न विचारतात: आत काय आहे, किती वेळ लागेल, आणि तिसरा जरा आवाज खाली आणून, "आम्हाला कळेल का हो?" हा तिसरा प्रश्न मी पहिल्या दिवशी दोनदा ऐकला आणि पुढे रोज ऐकत राहिले. शिकलेली, चांगल्या नोकरीतली माणसं विचारायची.

दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात एक सिक्युरिटीवाले काका होते, खूप वर्षं तिथेच. त्यांना मी विनंती केली की लोक तुम्हाला काय काय विचारतात ते एका वहीत लिहून ठेवाल का. ते म्हणाले, "मॅडम, लिहायचं कशाला, पाठच आहे." पण लिहिलं त्यांनी, बारीक सुबक अक्षरात, तारखेसकट. हे ओरिजिनल आहे का. फोटो काढला तर चालेल का. इथे बसू का. बाहेर कुठून जायचं. हे कशाने रंगवलंय. आणि एका चित्रासमोर परत परत तोच प्रश्न: इथे कोण बसलं होतं? त्या चित्राबद्दल पुढे सांगते.

ती वही मी आमच्या वेबसाइटशेजारी, ब्रोशरशेजारी आणि भिंतीवरच्या मजकुराशेजारी ठेवून वाचली. वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आम्ही कुठेही दिलेलं नव्हतं. आम्ही शैली, कालखंड, प्रभाव याबद्दल बोलत होतो आणि लोक विचारत होते की बसू का.

या कामात जॉन फॉल्क या अभ्यासकाची मांडणी खूप उपयोगी पडली. लोक म्युझियमला का येतात हे तो वयावर किंवा उत्पन्नावर न ठरवता त्या दिवशीच्या हेतूवर ठरवतो. कोणी कुतूहलाने येतं, कोणी मुलांना किंवा पाहुण्यांना दाखवायला आणतं, कोणाला तिथे जाऊन आलो एवढंच हवं असतं, कोणी अभ्यासक किंवा हौशी असतं, आणि कोणी नुसतं शांत बसायला येतं. एकच माणूस आज एका हेतूने येईल आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या. आमचं सगळं बोलणं फक्त अभ्यासकाशी चाललं होतं. शांत बसायला आलेल्याला तर आम्ही बसायलाही जागा दिली नव्हती.

मग आतली माणसं. क्युरेटर (संग्रह आणि प्रदर्शनं बघणारे), कॉन्झर्व्हेशन (कलाकृतींची जपणूक करणारे), शिक्षण विभाग, दुकान, सिक्युरिटी, सगळ्यांना एकत्र बसवून चार वर्कशॉप घेतली. पहिल्यात एका ज्येष्ठ क्युरेटर मॅडमनी सरळ सांगितलं, "ब्रँड हा शब्द मला इथे नकोय, आपण साबण विकत नाही." खोलीत शांतता पसरली. मी म्हणाले की शब्द बाजूला ठेवू, पण बाहेर आपण जे सांगू ते आत आल्यावर खरं निघालं पाहिजे एवढंच मला बघायचंय. त्यावर त्या म्हणाल्या की मग आधी आत बघा. पुढचं वर्षभर मला या एका वाक्याने दिशा दिली, आणि त्याच मॅडम शेवटी या कामातल्या माझ्या सगळ्यात जवळच्या सहकारी झाल्या.

चार वर्कशॉपनंतर एक वाक्य हाती आलं: बघायला पूर्वतयारी लागत नाही. हे आतलं वाक्य, निर्णय घेताना समोर ठेवायचं. विश्वस्तांपैकी दोघांना ते टॅगलाइन म्हणून बॅनरवर हवं होतं आणि मी ठाम नाही म्हणाले, कारण भिंतीवरचं लेबल अवघड आणि दारावर "पूर्वतयारी लागत नाही" असं लिहिलेलं असेल तर आलेल्या माणसाला वाटेल की दोष माझ्यातच आहे.

लोगोच्या चर्चेत सगळे जण दुसऱ्या म्युझियमची उदाहरणं आणतात, आमच्याकडेही आणली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०१६ मध्ये आपला जुना एम काढला, तो १९७१ पासून होता आणि लुका पाचोली या रेनेसाँ काळातल्या इटालियन गणितज्ञाच्या पुस्तकातल्या लाकडी ठशावरून घेतलेला होता. त्या जागी लाल अक्षरांत द मेट आलं. एका समीक्षकाने त्या अक्षरांची तुलना चक्क बसच्या अपघाताशी केली. आमच्या विश्वस्तांना तेवढंच लक्षात होतं. मी त्यांना दुसरी बाजू दाखवली, की लोक त्या म्युझियमला आधीपासून बोलताना मेटच म्हणत होते, म्हणजे म्युझियमने लोकांच्या तोंडातलं नाव स्वीकारलं. ब्रिटनच्या टेट म्युझियमचंही सांगितलं. त्यांनी २००० मध्ये नवी ओळख आणली तेव्हा लोगोची अनेक रूपं होती, काही स्पष्ट, काही धूसर, आणि २०१६ मध्ये ती ७५ रूपं कमी करून एकावर आणली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा लोगो इर्मा बूम या डच डिझायनरने केला, त्यात राइक्स आणि म्युझियम यांच्यामध्ये एक मोकळी जागा आहे, आणि डचमध्ये हा एकच जोडशब्द असल्याने त्या मोकळ्या जागेवरून डच भाषेची काळजी असणारे लोक भडकले होते. पण माझ्या मते त्या म्युझियमची खरी ओळख बदलली ती २०१२ मध्ये सुरू केलेल्या राइक्सस्टुडिओ या ऑनलाइन संग्रहाने, १,२५,००० कलाकृतींच्या उत्तम प्रतिमा लोकांना मोफत दिल्या आणि सांगितलं घ्या, वापरा. असा निर्णय लोकांच्या लक्षात राहतो, अक्षरांमधली मोकळी जागा वर्षभरात डोळ्यांना सवयीची होते.

एजन्सी निवडताना आम्ही पिचमध्ये, म्हणजे काम मिळवण्यासाठीच्या सादरीकरणात, फुकट डिझाइन मागितलं नाही. फक्त विचार कसा करतात ते विचारलं आणि आधीचं काम बघितलं. हे मी आवर्जून लिहितेय कारण कलाकारांच्या कामाला मान देणाऱ्या संस्थेने डिझायनरकडून फुकट काम करून घेणं मला बरोबर वाटत नाही.

आता चूक सांगते, मोठी होती आणि माझी होती. एजन्सीने पोस्टरचं जे टेम्प्लेट बनवलं ते दिसायला फार सुंदर होतं, चित्र पूर्ण पानभर, कडेपर्यंत क्रॉप केलेलं आणि वर जाड अक्षरात प्रदर्शनाचं नाव. सगळ्यांनी मान्यता दिली, मीही. पहिल्या मोठ्या बॅनरचं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं, आठ फूट उंच, जमिनीवर पसरलं. कलाकृतींची नोंद आणि ने-आण बघणाऱ्या आमच्या रजिस्ट्रार तिथून जाताना थांबल्या, खाली वाकल्या आणि नावातलं एक अक्षर बोटाने दाखवलं, ते चित्रातल्या बाईच्या बरोबर डोळ्यावर आलं होतं. मग त्यांनी लोन ॲग्रीमेंट आणून दाखवलं. उसनं आणलेलं चित्र, त्याच्या प्रतिमेच्या अटी स्पष्ट लिहिलेल्या: क्रॉप करायचं नाही, वर अक्षरं छापायची नाहीत, क्रेडिट लाइन द्यायची, वापराआधी प्रूफ मंजूर करून घ्यायचं. अशा अटी या क्षेत्रात अगदी नेहमीच्या आहेत, कॉपीराइट चालू असलेल्या कलाकारांचे वारसही त्या घालतात, आणि मी ब्रीफमध्ये त्यातलं काहीही लिहिलं नव्हतं. म्हणजे अख्खं टेम्प्लेट उसन्या कामांसाठी आणि संग्रहातल्या कितीतरी कामांसाठी निरुपयोगी होतं.

सहा आठवडे मागे गेलो. पण त्यातूनच आमची खरी ओळख तयार झाली असं मी आज मनापासून म्हणेन. नवा नियम ठरला: चित्र नेहमी पूर्ण दिसेल, त्याच्या चारही कडांसकट, अक्षरं शेजारच्या पट्टीत, आणि पट्टीचा रंग चित्रातूनच घ्यायचा. क्युरेटर मंडळींनी पहिल्यांदाच स्वतःहून चौकशी केली की पुढच्या प्रदर्शनाचं पोस्टर कधी येतंय. ११ लोगोंचा प्रश्नही तिथेच सुटला, एकच नाव आणि त्याखाली विभागाचं नाव त्याच अक्षरात, बस. लायब्ररीने थोडी कुरकुर केली, दुकानाला आनंद झाला.

वेळापत्रकात लोगोच्या आधी मी लेबलं घेतली होती. २००१ मध्ये स्मिथ दांपत्याचा एक अभ्यास आला, मेट्रोपॉलिटनमध्येच केलेला, त्यात लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबतात असं दिसलं, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदांहूनही कमी. त्यातच लेबल वाचणंही आलं. आमची काही लेबलं १५० शब्दांची होती, म्हणजे लेबल वाचता वाचताच तो वेळ संपायचा, चित्र बघायला काही उरायचंच नाही.

काकांच्या वहीतलं ते चित्र. अंगणात एक खुर्ची, रिकामी, उशीला मधोमध खळगा पडलेला, एवढंच. आमचं लेबल होतं: "प्रस्तुत चित्रात कलावंताने अवकाशाची विभागणी व रंगलेपनाची स्वायत्तता यांद्वारे आधुनिकतेच्या संकल्पनेशी संवाद साधला आहे." क्युरेटर मॅडम आणि मी दोघी त्या चित्रासमोर उभ्या राहिलो आणि मी त्यांना वही दाखवली, कोण बसलं होतं असं लोक विचारतात म्हणून. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "होती एक बाई." कॉन्झर्व्हेशनच्या फाइलमध्ये एक्स-रे होता. कलाकाराने आधी खुर्चीत एक बाई रंगवली होती आणि नंतर तिच्यावर रंग चढवून तिला झाकून टाकली, उशीचा खळगा मात्र राहू दिला. ही गोष्ट कितीतरी वर्षं फाइलमध्ये होती. मॅडमना माहीत होती, कॉन्झर्व्हेटरला माहीत होती, आणि चित्रासमोर उभं राहून नेमका तोच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आम्ही अवकाशाची विभागणी वाचायला देत होतो.

मला त्या क्षणी आमच्या संस्थेबद्दल खूप वाईट वाटलं आणि त्याच वेळी कामाबद्दल एवढी खात्री आधी कधीच वाटली नव्हती. नवं लेबल मॅडमनीच लिहिलं. "उशी अजून दबलेली आहे. एक्स-रेमध्ये या खुर्चीत बसलेली एक बाई दिसते. चित्रकाराने तिला रंगवलं, मग झाकलं. तिच्या बसण्याची खूण मात्र ठेवली." त्यात मी एका शब्दाचाही बदल केला नाही.

त्यानंतर आमच्या टीमचं काम बदललं. आम्ही प्रेस रिलीज लिहायला बसण्याआधी कॉन्झर्व्हेशन आणि संग्रहाच्या फाइल्स वाचायला लागलो. सोशल मीडियावरच्या पोस्ट तिथून यायला लागल्या, ऑडिओ गाइड तिथून, पत्रकारांना द्यायच्या बातम्याही.

वहीतला "बसू का" हा प्रश्न सोडवायला मी होर्डिंगच्या बजेटमधला एक भाग बाकांसाठी दिला. मार्केटिंगचा पैसा फर्निचरला का, असं अर्थातच विचारलं गेलं. मी म्हणाले की बसलेला माणूस जास्त वेळ बघतो आणि जास्त वेळ बघितलेलं चित्र घरी जाऊन कोणाला तरी सांगतो, ते सांगणं कुठल्याही होर्डिंगवर छापता येत नाही.

लाँचबद्दल थोडक्यातच. नवी ओळख आधी सिक्युरिटी, काउंटर आणि सफाई विभागाला दाखवली, मग ऑफिसला, मग सभासदांना, आणि शेवटी पत्रकारांना. पहिल्या दिवशी लोक दारावरच्या माणसालाच विचारणार की हे का बदललं, त्याला उत्तर माहीत हवं. ऑनलाइन लोगोला नावं ठेवणारे आले, आम्ही ते आधीच गृहीत धरलं होतं आणि खरे प्रश्न होते तेवढ्यांना शांतपणे उत्तरं दिली. जुनी पाकिटं आणि लेटरहेड संपेपर्यंत वापरली. उद्घाटनाच्या दहा दिवस आधी एक उसनं चित्र प्रवासाला योग्य नाही म्हणून येणार नाही असं कळलं, त्याची पोस्टरं लागली होती, तेव्हा आम्ही कारणासकट लगेच जाहीर केलं आणि ज्यांनी तिकिटं काढली होती त्यांना स्वतः मेल केला. तो मेल लिहायला कोणालाही टोन ऑफ व्हॉइसची, म्हणजे संस्थेने कुठल्या सुरात बोलायचं ते सांगणारी, फाइल उघडावी लागली नाही, आणि मला त्याचं फार समाधान वाटलं.

फॉलोअर्सचे आकडे मी दर महिन्याला देते कारण ते मागितले जातात. स्वतःसाठी मी दोन गोष्टी बघते, पहिल्यांदा आलेल्यांपैकी कोण परत येतं, आणि काउंटरवर तो तिसरा प्रश्न अजून येतो का. येतो. आता काउंटरवरची मुलगी म्हणते, दुसऱ्या मजल्यावर एक रिकामी खुर्ची आहे, समोर बाक आहे, तिथून सुरुवात करा.

वरच्या मजल्यावरची लेबलं अजून जुनीच आहेत. दर मंगळवारी मॅडम, कॉन्झर्व्हेटर आणि मी एक फाइल घेऊन बसतो, आणि काकांनी मागच्या आठवड्यात वही भरली म्हणून दुसरी मागितलीय.