आधी रेडिएटर, मग इंजिन

शनिवार, रात्री

पिकअप सुरू झाली. मिस्त्रीमामांनी बॉनेट न लावताच ती गॅरेजबाहेर काढली, पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन आणली आणि लगेच खाली वाकून कुठं गळतंय का ते बघत बसले. आण्णा कट्ट्यावरून उठून आले, उघड्या इंजिनापाशी उभे राहून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बरं वाटलं बघ."

मलाही खूप बरं वाटलं. गाडी बंद असली की आमची तोडणी भाड्याच्या गाडीवाल्याच्या वेळेनं होते आणि ढोबळी मिरची कुणासाठी थांबत नाही.

गाडी सेकंडहँड बोलेरो पिकअप, २५२३ सीसी, चार सिलिंडर. वाशीला माल उतरवून रिकामी परत येत होतो, तरी खंबाटकी घाटाच्या चढाला तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. डिपस्टिक काढली तर ऑइल चहासारखं दुधाळ. पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. टोचन करून शिरोळला आणली, हेड उतरवलं. गॅस्केट जळालेलं, हेड वाकलेलं आणि ब्लॉकला दोन सिलिंडरच्या मधोमध बारीक तडा. बेअरिंगांचा पत्रा उडून खालचं तांबं दिसत होतं. नुसते लाइनर-पिस्टन बदलून भागेल अशी आशा तिथंच संपली.

मी म्हटलं, दुसरं इंजिन बघू. मामा म्हणाले, "बघूया की. पण आधी हे गेलं कशानं ते बघूया. न्हाईतर दुसरंबी त्याच वाटेनं जाईल."

त्यांनी रेडिएटर सोडवून दोन्ही टाक्या उघडल्या. मधल्या नळ्यांपैकी निम्म्याहून जास्त पांढऱ्या खड्यानं बुजलेल्या. पेचकसाच्या टोकानं खरवडलं की खडूसारखी पूड निघायची. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट तर जाग्यावर नव्हताच, कुणीतरी आधीच काढून टाकलेला. आमच्या तालुक्यात जमिनी क्षारपड झाल्यात हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, उसाच्या वावरात पांढरा थर बघतो. तेच बोअरचं पाणी आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं कूलंट न घालता रेडिएटरमध्ये ओतलेलं. जो क्षार शेत मारतो त्यानंच इंजिन मारलं. गाडीसमोर उभं राहून हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, कारण गावातल्या कितीतरी गाड्यांत आजही हेच पाणी पडतंय.

दुसरं इंजिन अपघातात मागून चेपलेल्या गाडीचं मिळालं, सांगलीला. मामांनी क्रँकची पुली धरून मागं-पुढं ढकलून बघितली, ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवलं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, मोजलं. एकूण आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे ते बघत होते. मी तोवर कागद बघत होतो: इंजिनावर ठोकलेला नंबर, बिलावरचा नंबर, ज्या गाडीचं इंजिन तिची कागदपत्रं. तिन्ही जुळल्यावरच पैसे दिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते, आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. स्वस्तात बिनकागदाचं इंजिन घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर सगळीच गाडी अडकते.

या इंजिनाचं हेड कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन त्याचा फेस सपाट आहे का ते तपासून घेतलं. बाकी किरकोळ कामं बरीच झाली, ती लिहीत बसत नाही.

आज दुपारचं काम मात्र लिहून ठेवायचंय. चेन कप्पीला टांगलेलं इंजिन खाली उतरवलं, गिअरबॉक्सला भिडलं आणि अर्धा इंच बाहेर राहिलं. गॅरेजातला पोरगा बोल्ट लावून ओढायला निघाला. मामा ओरडले, "सोड! बोल्टनं ओढायचं नसतं." तसं ओढलं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच प्लेटचा मधला भाग चेपतो. त्यांनी गाडी टॉप गिअरात टाकली, पोराला मागं बसवून गिअरबॉक्समागचा प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट हातानं सावकाश फिरवायला लावला आणि स्वतः इंजिनाला खांदा देऊन उभे राहिले. शाफ्टचे आणि क्लच प्लेटचे दाते जुळले तसं इंजिन कसलाही आवाज न करता आत सरकलं. मग बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले.

मामांचा या इंजिनावर हात बसलाय तो ट्रॅक्टरमुळं. याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १०१.६, म्हणजे बरोबर साडेतीन आणि चार इंच. मूळ घराणं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनाचं. मामांनी उमेदीची वर्षं ट्रॅक्टर बांधण्यातच घालवली.

सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारत राहिले, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. टर्बोला कोरडं फिरवायचं नाही म्हणून. ऑइल कूलर आणि पाइप आधीच धुऊन घेतले होते, जुन्या बेअरिंगांचा कीस नव्या इंजिनात जाऊ नये म्हणून. रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, होज नवे, थर्मोस्टॅट जाग्यावर. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. आण्णांनी स्वतःच्या हातानं ओतलं. एक कॅन सीटमागं ठेवलाय आणि चालवायला बसेल त्याला सांगून ठेवलंय की रस्त्यात कमी पडलं तर यातलंच घालायचं.

सोमवारी आरटीओत फाइल द्यायची. मंगळवारी मिरचीची तोडणी आहे, पण वाशी नाही. निम्माच माल भरून जयसिंगपूरपर्यंत, आणि आल्यावर मामांकडं नेऊन हेडचे बोल्ट आणि होजच्या क्लिपा पुन्हा बघून घ्यायच्या.