आमची वाटचाल: अळूच्या पानापासून पेशींच्या खाचांपर्यंत

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात काम सुरू झालं ते पानांच्या ठशांपासून. अळूचं पान पेट्रीडिशच्या तळाला सपाट चिकटवायचं, त्यावर पीडीएमएस म्हणजे सिलिकॉन रबर (बेस 10 भाग, क्युरिंग एजंट 1 भाग) ओतायचं आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत व्हॅक्यूममध्ये ठेवायचं. 65 अंशांच्या ओव्हनमध्ये रबर काही तासांत घट्ट होतं, पण ताजं पान त्याआधीच आकसतं. म्हणून खोलीच्या तापमानाला दोन दिवस. हा झाला उलटा ठसा. त्यावरून सुलटा घेताना आधी सिलेनची (रबर रबराला चिकटू न देणाऱ्या रसायनाची) वाफ दिली नाही, तर दोन्ही रबरं सुटत नाहीत. लेटेक्सचे हातमोजे गाळ्यात चालत नाहीत: त्यांतल्या गंधकानं प्लॅटिनम उत्प्रेरक मरतो आणि रबर चिकट राहतं.

हे ठसे कॉलेजांना पुरले. संशोधकांना मात्र पेशी एका जागी हवी होती. साध्या काचेवर प्रोटोप्लास्ट (भित्तिका काढलेल्या वनस्पतिपेशी) म्हणजे अळवावरचं पाणी. द्रावण बदललं की गेले. मग आम्ही पीडीएमएसच्या खाचांच्या पट्ट्यांकडे वळलो, एका खाचेत एक पेशी. पालक-तंबाखूचे प्रोटोप्लास्ट साधारण 30 ते 50 मायक्रोमीटरचे, म्हणून खाच 50 रुंद आणि 40 खोल. याहून खोल केली तर एकावर एक दोन बसतात, उथळ केली तर धुताना निघून जातात. सिलिकॉन वेफरवरचा (चकतीवरचा) एसयू-8चा, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या रेझिनचा, साचा बाहेरून करून घेतो; क्लीनरूम (धूळमुक्त खोली) पोसणं छोट्या कंपनीचं काम नव्हे.

सर्वाधिक तक्रारी येतात त्या खाचांत अडकलेल्या हवेच्या. पीडीएमएस पाणी झटकतं. प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिल्यावर ते ओलं होतं, पण उघड्यावर काही तासांतच पुन्हा मूळपदावर येतं. त्यामुळे आधी 70 टक्के इथेनॉल, मग 0.4 मोलर मॅनिटॉलनं (साखरेसारख्या पदार्थाच्या द्रावणानं) चारपाच वेळा धुणं. नुसतं पाणी घातलंत तर प्रोटोप्लास्ट फुटतील.

पेशी सुट्या करायला भित्तिका पचवणारी विकरं: 1.5 टक्के सेल्युलेज, 0.4 टक्के मॅसेरोझाइम, पीएच 5.7, अंधारात तीन तास. पानाच्या पट्ट्या नव्या ब्लेडनंच कापा, बोथट पात्यानं पेशी चेंगरतात. मायक्रोपिपेटच्या टिपचं टोकही कापून घ्या.

आता रंग. जिवंतपणा पाहायला फ्लुरोसीन डायअसिटेट, जे जिवंत पेशीत हिरवं चमकतं: अॅसिटोनमधलं 5 मिग्रॅ/मिली द्रावण, 1 मिली पेशींना 20 मायक्रोलिटर, पाच मिनिटं अंधारात. पाण्यात ते आपोआप विघटित होऊन पार्श्वभूमी हिरवी करतं, तेव्हा आयत्या वेळीच मिसळा. कॅल्कोफ्लुअर व्हाइटची (भित्तिकेला चिकटणाऱ्या रंगाची) निळी चमक दिसली, तर पेशीभित्तिका पुरती पचलेली नाही. आणि ‘सगळंच चमकतंय’ असा फोन आला की आम्ही आधी फिल्टर विचारतो. हरितद्रव्य स्वतःच 680 नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं; लाँगपास फिल्टर (ठरावीक तरंगलांबीपुढचा सगळा प्रकाश सोडणारा) ते थेट आत घेतो. 500 ते 550चा बँडपास (फक्त तेवढाच पट्टा सोडणारा) लावा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. आमच्या मते महागड्या रंगापेक्षा हा फिल्टर आधी घ्यावा.

पेटंटच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. भारतीय कायद्याच्या कलम 3(जे) नुसार वनस्पती किंवा तिचा कोणताही भाग पेटंटयोग्य नाही. म्हणून दावे खाचांच्या रचनेवर आणि पट्टी बनवण्याच्या पद्धतीवर लिहायचे, पेशीवर नाही. तात्पुरता अर्ज केल्यावर पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो. प्रदर्शनात पोस्टर लावायचं असेल, तर अर्ज त्याआधी.

सध्या 0.17 मिमीच्या कव्हरग्लासवर पीडीएमएसचा पातळ थर देऊन त्यात खाचा उठवण्याचं काम चालू आहे. जाड पट्टीतून 60एक्स ऑब्जेक्टिव्हचा (सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाचा) फोकस पेशीपर्यंत पोहोचत नाही.