गोगलगायीचा डीएनए काढताना: माझा अनुभव

सोलापूरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात पाण्यातल्या गोगलगायींवर कसली पीएच.डी. करतेस, हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, रिक्षावाल्यांनी विचारला आणि एकदा बँकेतल्या कारकुनानेही विचारला. जिल्हा कोरडा खरा, पण उजनी धरणाचा फुगवटा आहे, कालवे आहेत, हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे आणि आता शिवाराशिवारात शेततळी झाली आहेत. पाणी आणि गुरं जिथे रोज एकत्र येतात तिथे गोगलगाय असते, आणि गोगलगायीच्या पोटात बऱ्याचदा आणखी कुणीतरी असतं.

मला हव्या होत्या दोन प्रकारच्या गोगलगायी. पहिली इंडोप्लॅनॉर्बिस एक्झुस्टस. चपट्या वेटोळ्याची, तपकिरी, रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे जखम झाली की लाल होणारी. शिस्टोसोमा गटातले जनावरांचे कृमी हिच्यात वाढतात: स्पिंडाले, इंडिकम आणि नेझाले. नेझाले गुरांच्या नाकातल्या शिरांमध्ये राहतो, नाकात गाठी येतात आणि जनावर घोरायला लागतं. गाई-बैलांना त्रास जास्त, म्हशींना कमी. दुसरी लिम्निया, टोकदार आणि पातळ कवचाची. ती लिव्हर फ्लूकची, म्हणजे फॅसिओला जायगँटिका या गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीची वाहक.

माझा प्रश्न मात्र कृमीपेक्षा गोगलगायीबद्दल होता. 2010 साली आशियाभरातल्या इंडोप्लॅनॉर्बिसच्या डीएनएचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पुढे नेपाळमध्येही काम झालं, आणि एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वंशरेषा दडल्या आहेत हे दिसलं. कवच बघून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. एखादा कृमी एका वंशरेषेत सहज वाढेल, दुसरीत वाढणारही नाही. मग सोलापूरच्या तळ्यांत नक्की काय आहे, हे कुणीतरी बघायलाच हवं होतं.

परवानगीचं लवकर सांगून टाकते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या पाणवठ्यांना हात लावायचा नाही हे आम्ही आधीच ठरवलं, कारण तिथे वनविभागाची रीतसर परवानगी लागते. बाकी ठिकाणी पत्र द्यायचं, पोच घ्यायची, आणि पुढच्या वेळी तीच पोच दाखवायची. एका कार्यालयात "गोगलगाय" हा विषय वाचून साहेबांनी पत्र शेतातल्या गोगलगायींचं समजून कृषी विभागाकडे पाठवलं. ते परत यायला पावसाळा उलटून गेला. तसं बघितलं तर बरंच झालं, कारण गोगलगायी खरंच पावसानंतर भरपूर मिळतात. उन्हाळ्यात तळं आटलं की इंडोप्लॅनॉर्बिस चिखलात दडून बसते.

कुठे शोधायचं हे मला पुस्तकाने कमी आणि उजनीच्या एका मच्छीमार मामांनी जास्त शिकवलं.

"काय शोधायलाय मॅडम?"

"शंख, मामा. बारके."

"खायला?"

"नाही, तपासायला."

"मग हितं दगडात काय घावायचं नाही. तिकडं जावा, जिथं म्हशी बसत्यात."

मामांचं बरोबर होतं. उथळ, गवताळ, शेणाने गढूळलेलं पाणी आणि पाण्यात कुजणारी पानं. चिमट्याने पानाखालून वेचायच्या, उघड्या हाताने नाही. हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हवेतच. जनावरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात. त्या तिथेच मरतात, माणसात वाढत नाहीत, पण पुरळ आणि खाज मात्र भरपूर देतात.

प्रयोगशाळेत आणल्यावर प्रत्येक गोगलगाय वेगळ्या काचेच्या ग्लासात, क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात ठेवायची. यासाठी पाणी उघडं ठेवा असं सगळे लिहितात. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घराघरात पिंप भरलेलं असतंच. शिळं पाणी ही एकच गोष्ट मला कधी शोधावी लागली नाही. सकाळच्या उजेडात ग्लास ठेवले की, गोगलगाय बाधित असेल तर थोड्या वेळाने काळ्या कागदासमोर पांढरे कण हलताना दिसतात. त्या सर्केरिया, म्हणजे कृमीच्या पोहणाऱ्या अळ्या. थेंबभर पाणी काचपट्टीवर घेऊन आयोडीन लावलं की त्या थांबतात. शेपटीला टोकाशी दोन फाटे दिसले तर शिस्टोसोमाच्या गटाची शक्यता, साधी शेपटी असेल तर लिव्हर फ्लूककडे बघायचं. मी पहिल्यांदा दुफाटी शेपटी पाहिली तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमना बोलवायला जिना धावत उतरले होते. बहुतेक ग्लासांत मात्र काहीच निघत नाही. तेही वहीत लिहायचं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: बुळबुळ. गोगलगायीचा चिकट द्राव म्हणजे पॉलिसॅकराइड, आणि ते डीएनएबरोबर शेवटपर्यंत चिकटून येतं. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या, एन्झाइमला ते काम करू देत नाही. तुकडा कुठला घ्यायचा यातही पेच आहे. पचनग्रंथी मऊ असते, पण कृमीची पिल्लावळ तिथेच असते, म्हणजे नळीत गोगलगायीबरोबर कृमीचाही डीएनए आला. पायाचा स्नायू त्या मानाने स्वच्छ, पण बुळबुळ तिथेच सगळ्यात जास्त. आम्ही पायच घेतला. अगदी छोटा तुकडा, तांदळाच्या दाण्याहून लहान, टिपकागदावर दोन-तीनदा टेकवून. मोठ्या तुकड्यातून डीएनए जास्त येतो हे खरं, पण त्याबरोबर घाणही तेवढीच येते.

तयार किट परवडेना, म्हणून सीटॅब या साबणासारख्या रसायनाची जुनी पद्धत. 60 अंशांच्या आसपास प्रोटिनेज के या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमबरोबर ऊब द्यायची, क्लोरोफॉर्मने धुवायचं, वरचा थर अलगद उचलायचा, आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवायचा. द्रावणातल्या मर्कॅप्टोइथेनॉलचा वास असा की शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागाने दार लावून घेतलं. मधल्या पांढुरक्या थराला टोक लागू द्यायचं नाही. वरचं थोडं पाणी सोडून दिलेलं परवडतं.

नॅनोड्रॉप या मोजणी यंत्रावर 260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर 1.8 च्या आसपास येतं आणि माणूस खूश होतो. खरं बघायचं ते 260 आणि 230 चं. ते खूप कमी असेल तर पॉलिसॅकराइड आत आहे. पीसीआरनंतर डीएनएचे पट्टे जेलवर बघतात, तिथे आमचे बरेच नमुने कोरेच गेले. सगळे सांगत होते डीएनए वाढव. मॅडम म्हणाल्या, दहापट पातळ कर. पातळ केल्यावर अडवणारा चिकटाही पातळ झाला आणि सातशे अक्षरांच्या लांबीजवळ लख्ख पट्टा आला. प्राइमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, 1994 सालचे फोल्मर यांचेच, जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचे. जगभर अजून तेच चालतात.

सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याचं काम, बाहेर पाठवलं. फाइल आली की आधी आलेख डोळ्याने बघायचा, नुसती अक्षरं उचलायची नाहीत. मग मेगा या संगणक प्रोग्रॅममध्ये प्रथिनात भाषांतर करून मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन तिथेच संपवणारी तीन अक्षरं, येतात का ते तपासायचं. इथे अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाची संकेतसारणी निवडावी लागते. साधी सारणी ठेवली तर टीजीए ही तीन अक्षरं तिथे थांबा दाखवतात. प्रत्यक्षात या प्राण्यांत त्यांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. माझ्यानंतरच्या प्रत्येक मुलीला मी हे आधी विचारते.

आपला सिक्वेन्स जीनबँक या सार्वजनिक साठ्याशी जुळवून बघणाऱ्या ब्लास्टवर जुळलेलं नाव डोळे झाकून घेऊ नका. जीनबँकेतलं नाव म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव, शेत प्रत्यक्षात कोण कसतंय ते वेगळंच असू शकतं. ज्याने सिक्वेन्स जमा केला त्याने गोगलगाय ओळखली कशी, हे कवचाचा फोटो असेल तरच कळतं. म्हणून आमची कवचं आम्ही जपून ठेवली. कुपीत पेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकायची. अल्कोहोलने मार्करची शाई जाते.

पॉपआर्ट या प्रोग्रॅममध्ये हॅप्लोटाइपचं जाळं काढलं (एक वर्तुळ म्हणजे एकच डीएनए क्रम) तेव्हा एका शेततळ्यातल्या सगळ्या इंडोप्लॅनॉर्बिस एकाच वर्तुळात पडल्या. ही गोगलगाय उभयलिंगी, एकटीनेही अंडी घालू शकते, त्यामुळे एखादीच येऊन सगळं तळं भरणं अवघड नाही. शेतकरीदादांना विचारलं, मत्स्यबीज कुठून आणलं? ते म्हणाले, "फुगवट्यावरनं, पिशवीत." त्या पाण्याबरोबर किंवा पाणवनस्पतीवरच्या अंड्यांतून ती आली असेल. सिद्ध करायला माझे नमुने थोडे पडतात. फुगवट्याच्या काठावरच्या नमुन्यांत मात्र वर्तुळं बरीच निघाली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, माणसाचा शिस्टोसोमा भारतात नाही, मग ही काळजी कशाला? मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीचं नाव घेतलं. 1952 साली गाडगीळ आणि शाह यांनी तिथल्या माणसांतल्या लागणीबद्दल लिहिलं होतं, आणि वाहक म्हणून फेरिसिया टेनुइस ही चिमुकली गोगलगाय पुढे आली. सर हसले, पुढचा प्रश्न विचारला. माझ्या मते, माणसाचं राहू द्या, गोठ्यातला बैल घोरतो एवढं कारण या कामाला पुरेसं आहे.

आता सर्केरियांच्या कुप्या फ्रीजरमध्ये आहेत. त्यांचा आयटीएस-2 हा कृमी ओळखायला उपयोगी डीएनएचा भाग वाचायचा आहे, म्हणजे कुठल्या वंशरेषेतून कुठला कृमी निघतो ते जुळवता येईल. अनुदानाचा अर्ज गेला आहे. तोवर लाईट गेली की मी आधी फ्रीजरकडे पळते.