कपाटातली आई

२०१७ साली लंडनच्या पार्क थिएटरमध्ये ब्रिटिश नाटककार जो ऑर्टनचं ‘लूट’ हे नाटक पाहिलं. सुरुवातीला मला हसूच येईना. स्टेजवर शवपेटी. हॅल आणि त्याचा मित्र डेनिस यांनी बँक लुटलीय. पैसे लपवायला जागा हवी, म्हणून ते हॅलच्या आईचं प्रेत पेटीतून काढतात आणि कपाटात उलटं उभं करतात. घरात मयत असताना आपल्याकडे चूल पेटत नाही. इथे नाट्यगृह खदखदून हसत होतं.

मग इन्स्पेक्टर ट्रस्कॉट आला. वॉरंट नाही, म्हणून पाणीखात्याचा माणूस असल्याचं सांगून घरात घुसलेला. हॅलला खोटं बोलताच येत नाही. पैसे कुठे आहेत विचारल्यावर तो खरं तेच सांगतो, चर्चमध्ये. पेटी तिथेच गेलेली असते. आणि या खऱ्या उत्तरासाठी ट्रस्कॉट त्याला लाथा घालतो. मी हसत होते आणि अंगावर काटाही येत होता. शेवटी पकडला जातो तो हॅलचा बाप, पोलिसांवर आंधळा विश्वास असलेला, घरातला एकमेव निरपराध माणूस. साहेब लुटीतला वाटा घेऊन मोकळे!

ट्रस्कॉट हवेतून आलेला नाही. १९६३ मध्ये हॅरॉल्ड चॅलेनर नावाच्या लंडनच्या डिटेक्टिव्ह सार्जंटने एका निदर्शकाच्या सामानात विटेचा तुकडा घुसडून त्याला अडकवू पाहिलं होतं. ते प्रकरण तेव्हा खूप गाजलं. तरी १९६५ च्या दौऱ्यात ‘लूट’ सपशेल पडलं. ऑर्टनने संहिता पुन्हापुन्हा लिहिली आणि १९६६ मध्ये लंडनमध्ये ते उचलून धरलं गेलं.

सेन्सॉरची अट होती की प्रेत म्हणून बाहुलीच हवी. गंमत बघा, पोलिसांच्या लाथांपेक्षा त्यांना प्रेताच्या अब्रूची काळजी! मी पाहिलेल्या प्रयोगात मात्र कापलेले संवाद परत घेतले होते आणि प्रेताची भूमिका एका जिवंत अभिनेत्रीने केली होती. तिचे कपडे उतरवले जातात, तिला ओढतात, कोंबतात, आणि ती तासभर डोळे मिटून निश्चल. एवढी मेहनतीची भूमिका मी क्वचित पाहिली आहे.

ब्रिटनमधलं नाटकांचं सेन्सॉर १९६८ च्या कायद्याने गेलं. ऑर्टनने ते पाहिलं नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याचा खून झाला. महाराष्ट्रात मात्र आजही प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. हे मला मनापासून खुपतं.

डिसेंबर १९६६ मध्ये ऑर्टनची स्वतःची आई गेली. लेस्टरला अंत्यसंस्कार उरकून तो लंडनला परतला, तो तिची कवळी खिशात घेऊन. नाटकात हॅलच्या हातात आईची कवळी असते. त्याने आपल्या आईची ती खरी कवळी हॅल करणाऱ्या नटाच्या हातात ठेवली. नट पांढराफटक पडला.